यंत्र घरात आले, नोंद कोणाच्या हाती?

1870 साली जलंब ते खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू झाला. त्या समारंभास हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होते. अवघ्या आठ मैलांच्या फाट्यासाठी एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने वऱ्हाडच्या धुळीत का यावे, असे कोणासही वाटेल. कारण उघड होते. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस तुटला आणि विलायतेच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. खामगाव ही कापसाची थोर पेठ झाली. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेचे अंतर निम्म्यावर आल्यासारखे झाले. आगगाडीबरोबर तारायंत्र आले, आणि लिव्हरपूलचा भाव खामगावच्या पेठेत तारेने येऊन थडकू लागला.

परंतु वाचकहो, तो भाव कळला कोणाला? दलालाला कळला, अडत्याला कळला, गोऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीला कळला. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला तो कळला नाही. सावकाराकडे पीक आधीच गहाण टाकून बसलेल्या कुणब्यालाही तो कळून न कळल्यासारखाच होता. आमच्या समाजाची कथा तर ह्याहूनही करुण आहे. वऱ्हाडात व नागपूर प्रांतात महार समाजातील असंख्य कुटुंबे हाताने सूत कातून जाडेभरडे कापड विणीत असत. गिरणीचे स्वस्त सूत व कापड खेडोपाडी पोहोचले आणि तो धंदा बसला. ज्या आगगाडीने येथला कापूस परदेशी नेला, तिनेच परदेशी कापड आणून आमच्या मागावर धूळ बसविली.

म्हणून यंत्र हे आमचे वैरी ठरते काय? मुळीच नाही. त्याच यंत्राने गावकीच्या बलुत्यातून सुटण्याची वाटही दाखविली. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. तेथील गिरण्यांत आमच्या समाजातील माणसे मोठ्या संख्येने कामास लागली, शिळ्या भाकरीऐवजी रोख पगार घेऊ लागली, आणि पुढे ह्याच कामगारवस्त्यांनी आपल्या चळवळीला बळ दिले. परमपूज्य बाबासाहेबांनी यंत्राला शिव्याशाप देणाऱ्यांची बाजू कधीच घेतली नाही. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती वाढत नाही. यंत्राने अनर्थ केला असेल तर दोष यंत्राचा नसून, ज्या समाजरचनेत त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात पडतो त्या रचनेचा आहे, असा युक्तिवाद त्यांनी काँग्रेस व गांधीजींवरील आपल्या 1945 सालच्या ग्रंथात केलेला आहे. हा मुद्दा हाती धरून आजच्या एका यंत्राकडे पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. ते यंत्र म्हणजे मोबाइल.

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत, घाटावर काय आणि घाटाखाली काय, मोबाइल पोहोचला नाही असे खेडे आज सापडणे कठीण. चिखलीच्या बाजारातील सोयाबीनचा भाव मोताळ्याकडच्या बौद्धवाड्यात त्याच दुपारी कळतो. नांदुऱ्याची भाजीवाली बाई पाटीपुढे स्कॅनरचा कागद लावून पैसे घेते. देऊळगाव राजाचा विद्यार्थी पुण्याच्या शिकवणीतील गणित घरच्या ओसरीवर बसून ऐकतो. तारेचा भाव पेढीवर थांबला होता. आजचा भाव झोपडीपर्यंत आला. हा बदल लहान नव्हे, आणि तो नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु भाव कळणे निराळे आणि भाव मिळणे निराळे. वार्ता घरी आली, सत्ता मात्र अद्याप दूर आहे. माल, विद्या आणि शब्द ह्या तीन बाबतींत हे कसे घडते, ते वाचकांनी नीट ध्यानी घ्यावे.

प्रथम मालाचा विचार करू. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे 4,892 रुपये हमीभाव ठरविला. हा आकडा घरोघरच्या मोबाइलवर फिरला, लहान पोरांनाही पाठ झाला. त्याच हंगामात विदर्भ-मराठवाड्याच्या बाजारांत सोयाबीन 4,000 रुपयांच्या आसपास विकले जात होते. असे का व्हावे? सरकारी खरेदी केंद्रावर माल द्यावयाचा तर आधी ऑनलाइन नोंदणी. नोंदणीसाठी सातबारा, आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद. शिवाय दाण्यात ओलावा 12 टक्क्यांहून अधिक नसावा ही अट. पावसाने भिजलेला माल ह्या अटीत बसेना, तेव्हा नोव्हेंबर 2024 च्या मध्यास ती मर्यादा 15 टक्के करण्यात आली. तोवर दिवाळी होऊन गेली होती. ज्याला सणापूर्वी किराणा, औषध आणि उधारी भागवावयाची होती, त्याचा माल अडत्याच्या काट्यावर केव्हाच पडलेला होता. ज्याच्यापाशी कोठार आहे आणि चार महिने थांबण्याइतके भांडवल आहे, त्यालाच भावाच्या बातमीचा उपयोग. ज्याला आजच विकणे भाग आहे, त्याला उद्याच्या भावाची बातमी म्हणजे नुसती हळहळ!

ह्याहून खोल गोष्ट सातबाऱ्याची आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करी. आता शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाइलने पिकाचे छायाचित्र काढावयाचे आणि नोंद पाठवावयाची. कल्पना चांगली आहे; तलाठ्याच्या दारचे हेलपाटे त्यामुळे वाचले. परंतु ह्या यंत्राला शेतात उभा असलेला माणूस दिसत नाही. त्याला गट क्रमांक दिसतो आणि त्या क्रमांकापुढे ज्याचे नाव आहे तो खातेदार दिसतो. बटाईने दुसऱ्याचे शेत करणारा, किंवा बापआजापासून गायरानाच्या तुकड्यावर नांगर धरणारा भूमिहीन त्याच्या हिशेबी अस्तित्वातच नाही. पीक त्याने काढले, घाम त्याने गाळला. नोंद मात्र दुसऱ्याच्या नावे झाली किंवा कोणाच्याच नावे झाली नाही. नोंद नाही म्हणून हमीभावाची खरेदी नाही. नोंदणीकृत करारनामा नाही म्हणून बटाईदाराला पीकविमा नाही.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्यांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. बायाबापड्या, म्हातारेकोतारे हजारोंच्या संख्येने तुरुंगात गेले. कसणाऱ्याला पडीक जमीन द्या, ही त्यांची मागणी होती. ती जमीन ज्यांच्या नावे झाली नाही, त्यांच्या नातवांना आज मोबाइलमधील नोंदीतही जागा नाही. जुना अन्याय नव्या यंत्रात जसाच्या तसा उतरतो तो असा! यंत्र पक्षपात करीत नाही असे सांगितले जाते. खरे आहे. परंतु यंत्राला जी वही वाचावयास दिली आहे, ती वहीच पक्षपाताने भरलेली असेल तर निःपक्षपाती यंत्र तोच पक्षपात अधिक वेगाने वाचून दाखवील, दुसरे काय करील?

पैशाच्या देवघेवीचेही तसेच. 30 डिसेंबर 2016 रोजी दिल्लीत मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याच्या एका ॲपचे उद्घाटन झाले. त्याचे नाव ‘भीम’, आणि हे नाव बाबासाहेबांच्या स्मरणार्थ असल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव पैशाच्या यंत्रास मिळावे, हे उचितच होय. परंतु वाचकांनी एक दिवस आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत उभे राहावे आणि दोन्ही बाजूंची दुकाने मोजावीत. मोबाइलने पैसे देणारे आपण किती आणि घेणारे आपण किती? किराणा, कृषी केंद्र, औषधांचे दुकान, अडत, जिनिंग ह्यांपैकी आपल्या माणसांच्या मालकीचे किती? देण्याची सोय वाढल्याने घेणाऱ्यांची संख्या आपोआप वाढत नाही.

तथापि ह्यात एक संधी आहे आणि ती सोडू नये. रोज पैसे घेणाऱ्या भाजीवालीच्या खात्यात रोज जमेची ओळ उमटते. वर्षभराच्या त्या ओळी म्हणजे तिच्या धंद्याचा पुरावा. 2020 साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत नगरपालिकेच्या हद्दीतील फेरीवाल्यांना आरंभी 10,000 रुपयांचे कर्ज तारणाशिवाय मिळू लागले, आणि ते वेळेवर फेडणाऱ्यास पुढचे मोठे कर्ज मिळते. कालपर्यंत जिच्या शब्दावाचून दुसरा पुरावा नव्हता, तिच्यापाशी आज बँकेचा कागद आहे. येथे यंत्राने नोंद तिच्या स्वतःच्या नावे केली, म्हणून तिला बळ आले. बटाईदाराची नोंद झाली नाही म्हणून तो दुबळाच राहिला. यंत्र दोघांच्याही हाती होते. फरक पडला तो नोंदीने.

आता विद्येकडे वळू. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील अवघ्या 4.4 टक्के घरांत संगणक आणि सुमारे 15 टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. मार्च 2020 मध्ये शाळांना टाळे लागले आणि शिक्षण मोबाइलवर गेले, तेव्हा गरिबाच्या मुलाच्या वाट्याला काय आले असेल, ह्याची कल्पना ह्या आकड्यांवरून यावी. त्यानंतर चित्र पालटले. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात 14 ते 16 वर्षांच्या सुमारे 90 टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे आणि 82 टक्क्यांना तो वापरता येतो. परंतु वापरता येणाऱ्यांपैकी आठवड्याभरात अभ्यासासाठी त्याचा उपयोग करणारे 57 टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी करणारे 76 टक्के. वापरता येणाऱ्या मुलांपैकी 36 टक्क्यांपाशी स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 27 टक्क्यांपाशी.

ह्या शेवटच्या आकड्यावर वाचकांनी, विशेषतः पालकांनी, थांबून विचार करावा. सायंकाळी आपल्याच वस्तीतील एखाद्या घरात डोकावून पाहा. घरात माणसे पाच, मोबाइल एक. आधी बापाच्या बोलण्यासाठी, मग भावाच्या खेळण्यासाठी. मुलीची पाळी येते तेव्हा रात्र झालेली असते आणि त्या दिवसाचा डेटा संपलेला असतो. ह्यात सरकारचा दोष नाही, सवर्णांचा नाही, यंत्राचाही नाही. हा दोष आमच्या ओसरीवरचा आहे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजणाऱ्या महापुरुषाची तसबीर ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीखाली हे घडते!

घराबाहेर दुसरी अडचण उभी असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आज महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, कॉलेजची पडताळणी. ह्या साखळीतील एक कडी निखळली तरी अर्ज अडतो. पूर्वी अर्ज का नाकारला हे विचारावयास निदान एक कारकून समोर असे. आता पडद्यावर एक ओळ उमटते आणि मुलगा ती घेऊन सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो. अज्ञानाची किंमत तेथे रोख मोजावी लागते. वाचकांना स्मरत असेल, 1956 च्या धर्मांतरानंतर केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यास 1990 सालची कायदादुरुस्ती यावी लागली. चौतीस वर्षे त्या हक्कासाठी झगडण्यात गेली. एवढ्या कष्टाने मिळविलेला हक्क संकेतस्थळावरील एका चुकीच्या रकान्यामुळे आपल्या मुलाच्या हातून निसटावा काय?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. छापील प्रतींसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. छपाई रखडल्याची दखल डिसेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयास स्वतःहून घ्यावी लागली. परंतु तेच इंग्रजी खंड आज इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. लोणारच्या किंवा सिंदखेड राजाच्या खेड्यातील पदवीधरास जे ग्रंथ पाहण्यासाठी एके काळी नागपूर-मुंबईची वाट धरावी लागे, ते त्याच्या खिशात आहेत. प्रश्न एवढाच की खिशातील ते भांडार आम्ही उघडतो किती वेळा?

तिसरी बाब शब्दाची. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने छापली नाही, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या काळी आमच्या शब्दाला दार बंद होते. आज खेड्यातील कोणीही आपले गाऱ्हाणे क्षणार्धात जगापुढे मांडू शकतो. ही स्वातंत्र्याची फार मोठी जोड होय. परंतु दार उघडले की त्यातून चांगले तेवढेच आत येत नाही.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. 2024 च्या अखेरीस व जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. मोबाइलवरून बातमी पसरली म्हणून शासनाला धावावे लागले, आणि दिल्लीची तज्ज्ञ पथके आली, हा लाभ खरा. परंतु त्याच मोबाइलवरून ‘टक्कल व्हायरस’ हे नावही पसरले. संसर्गाचा पुरावा नसता गावेच्या गावे संशयित ठरली, जुळलेल्या सोयरिकी अडल्या. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी आपल्या तपासणीवरून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखविले. गरिबाच्या ताटातील धान्याचा हा प्रश्न होता. अफवेने मात्र तो गरिबाच्या शरीराचा कलंक करून टाकला.

ह्याहून भयंकर प्रकार 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे घडला. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास प्रतिबंध केला. लक्षात घ्या, अफवेला बळी पडला तो भटका, गावाबाहेरचा, ज्याची ओळख पटविणारा गावात कोणी नाही असा माणूस. अफवेचा दगड नेहमी उताराकडे घरंगळतो, आणि समाजरचनेच्या उताराशी आपण उभे आहोत. म्हणून खात्री करून घेतल्यावाचून एकही संदेश पुढे न पाठविणे, हा आपल्यासाठी स्वसंरक्षणाचा नियम होय. परंपरेने आले, ऐकीव आहे, कोणी मोठ्याने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, अनुभवाने पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला तो ह्याच विवेकासाठी. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीतील दाणे पाहून वर्तविलेले पावसाचे भाकीत दर वर्षी तासाभरात जिल्हाभर पसरते. त्याच मोबाइलवर 2019 पासून हवामान खात्याचा ‘मेघदूत’ सल्ला मिळतो. बियाणे उधारीने आणणाऱ्याने कोणावर विसंबून पेरणी करावी, हे सांगण्याची आवश्यकता आहे काय?

मग कर्तव्य काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने हाती घ्याव्यात. पहिली ही की, प्रत्येक विहारात एक टेबल, एक संगणक आणि रविवारी दोन तास बसणारा एक सुशिक्षित तरुण असावा. शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, नोंदण्या तेथे विनामूल्य भराव्यात, आणि आलेल्या नकाराचे लेखी उत्तर तेथूनच जावे. त्या संगणकावर मुलींची वेळ राखून ठेवावी. दुसरी गोष्ट, एकट्याने माल विकणे सोडावे. 2002 च्या कायदादुरुस्तीने दहा उत्पादक एकत्र आले की त्यांना उत्पादक कंपनी काढता येते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घेता येते. भावाची बातमी कळल्यावर थांबण्याची शक्ती येते ती अशा मार्गाने. तिसरी, ई-पीक पाहणीत खातेदाराबरोबर प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाचा रकाना असावा आणि गायरान कसणाऱ्यांच्या कब्जाची नोंद घेतली जावी, ही मागणी गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. चौथी, मुलाच्या हातात मोबाइल देण्यापूर्वी तो कशासाठी दिला हे पालकाने ठरवावे.

ह्यांपैकी तीन गोष्टींना कोणाच्या परवानगीची गरज नाही. तिसरीसाठी सरकारशी भांडावे लागेल, आणि ते भांडण जमिनीचेच जुने भांडण आहे.

खामगावची तार येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्या वेळी आमचा पणजोबा पेढीच्या पायरीखाली उभा होता; वर काय आले ते त्याला वाचता येत नव्हते आणि कोणी वाचूनही दाखवीत नव्हते. आज यंत्र आमच्या हाती आहे आणि आम्हाला वाचताही येते. आता त्या यंत्रातील वहीत आपले नाव लिहिले गेले आहे की नाही, हे प्रत्येकाने उघडून पाहावे. नसेल तर ते लिहिले जाईपर्यंत स्वस्थ बसू नये.